गाठी आतून गुलाबी होत्या

रिओ क्वार्तो, ७ एप्रिल

पुन्हा तपकिरी! ज्या भुईमुगाला भरपूर पाणी दिलं, त्याच्याच मुळांवरच्या गाठींचा अर्क तपकिरी. तहानलेल्या रोपांचं समजू शकते — गाठी आतून जळतात, गुलाबी रंग मरतो, हवेतला नायट्रोजन बांधणं बंद. पण या पाणी प्यायलेल्यांना काय धाड भरली?

माझ्या विद्यार्थिनीला, आयलेनला विचारलं. तिचंच संशोधन, तिचीच रोपं. "मिर्ता, मी रोज पाणी घातलंय. रविवारीसुद्धा."

"मग काय रोपांनी थुंकून टाकलं?" सगळी प्रयोगशाळा हसली. मला बरं वाटलं. खरंच वाटलं.

८ एप्रिल

दुपारी येर्बाच्या चहाचं एकच भांडं सगळ्यांत फिरतं, त्या फेरीत आयलेनला वगळलं. भांडं तिच्या नाकासमोरून तिच्या शेजारी काम करणाऱ्या एस्तेबानच्या हातात. ती कपाटाकडे बघत बसली.

९ एप्रिल

आयलेन आज म्हणाली, "गाठ कापली तेव्हा आतून गुलाबी होती! खलात वाटल्यावर तपकिरी झाली. तुझ्या द्रावणात काही..."

माझ्या द्रावणात! चौदा वर्षं ते मीच करते, कुणाला बाटलीला हात लावू देत नाही. म्हटलं, "शनिवारी आईकडे पळालीस, रोपं वाळली, आता थापा मारतेस. शुक्रवारी तुझ्या शिष्यवृत्तीचा अहवाल जायचाय. मी खोटं लिहीत नाही."

"शिष्यवृत्ती गेली तर मी काय करू?"

"वडिलांची अंडी विक." कोंबड्यांचं तिनेच सांगितलं होतं मला, विश्वासाने. एस्तेबान बाहेर निघून गेला.

१० एप्रिल

आज मला "डॉक्टर, तुम्ही" म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा. टोचलं.

ती घरी गेल्यावर मी स्वतः चार रोपं उपटली. गाठी ब्लेडने कापल्या — लालसर गुलाबी, अगदी तजेलदार. माझ्या द्रावणात वाटल्या. दहा मिनिटांत तपकिरी.

द्रावणात क जीवनसत्त्व घालावं लागतं, नाहीतर वाटतानाच हवा त्यांना जाळते. कपाट उघडलं. जानेवारीत मागवलेली बरणी — सील जसंच्या तसं! म्हणजे मी विसरले. मी! अहवाल अजून कोराच आहे. पण उद्या सगळ्यांसमोर हे तोंडाने सांगायचं? त्या पोरीसमोर?

११ एप्रिल

नवं द्रावण केलं, जुनं मोरीत ओतलं. मग अहवाल लिहिला: "कामात हयगय. शिष्यवृत्ती वाढवू नये." सही केली.