कापलेली चाळीस मिनिटं

४ ऑगस्ट, सोमवार

झालं! नववीचा संस्कृतचा तास गेला. त्या जागी 'चित्रपट-परिचय'. शिकवणार कोण? मीच! हेडसर म्हणाले, "बाई, तुम्हाला रसशास्त्र येतं. हे त्यातलंच की थोडंफार." सव्वीस वर्षं विभक्त्या घोकून घेतल्या, त्याचं हे फळ. उद्या म्हणतील, संधी सोडवता ना, मग तुंबलेला नळही सोडवा.

११ ऑगस्ट, सोमवार

लाँग शॉट, क्लोजअप, पॅन. मुलांच्या मी एक पान पुढे. भिंगरीच्या मात्र दोन पानं मागे. (पोरगी बाकावर टेकत नाही, म्हणून हे नाव.) आज तिने एका मुलाचा कोरा चेहरा टिपला. पुढे रिकामा डबा जोडला — मुलगा उपाशी! डब्याऐवजी गणिताचा पेपर — नापास! चेहरा तोच. "बाई, दोन चित्रं शेजारी ठेवली की नातं बघणाराच जोडतो."

म्हटलं, आमच्यात ह्याला काकतालीय न्याय म्हणतात. कावळा बसायला आणि फांदी तुटायला.

हे सगळं मला आवडायला लागलंय. कुणाला सांगायचं नाही.

२१ ऑगस्ट, गुरुवार

शाळेचा एकुलता एक कॅमेरा फुटला. काल संध्याकाळी, साहित्याच्या खोलीत. लेन्सचे दोन तुकडे.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

अंगाची लाही लाही होतेय.

हेडसरांनी भिंगरीच्या आईला बोलावलं. शिवणकाम करते, मोजपट्टी गळ्यात तशीच, धावत आली. खोलीतल्या सीसीटीव्हीचं चित्रण दाखवलं. भिंगरी कॅमेरा टेबलावर ठेवते. लगेच पुढे — कॅमेरा जमिनीवर. बस्स! "आता काय सांगणार?" सोमवारी दाखला हातात.

आई म्हणाली, "कबूल कर गं, सरांच्या पाया पड."

भिंगरी रडली नाही. पडद्यावर बोट ठेवलं. "पहिल्यात ऊन टेबलावर आहे. दुसऱ्यात भिंतीवर चढलंय. मधलं कापलंय, सर."

चाळीस मिनिटं तरी! दोन आठवड्यांत शिकवलेलं पोरीने असं वापरलं, आणि हेडसर म्हणतात, "फार शहाणपणा नको." शहाणपणा नको, तर शाळा कशाला काढली? लाकडाची वखार काढायची!

२३ ऑगस्ट, शनिवार

भांडले. शिक्षकखोलीत, सगळ्यांदेखत. "अख्खं चित्रण दाखवा, नाहीतर मी संस्थेकडे लेखी तक्रार करते."

"बाई, हट्ट नका करू."

"का? कुणाला पाठीशी घालताय?"

सर फायली चाळायला लागले! चोराच्या मनात चांदणं. गणिताच्या सरांनी पाण्याचा पेला पुढे केला. तोही परत ढकलला.

२४ ऑगस्ट, रविवार

तक्रारअर्ज तीनदा लिहिला. तिन्ही वेळा विशेषणं जास्त झाली. एकही खोडलं नाही.

२५ ऑगस्ट, सोमवार

दाखवलं. दार लावून, मला एकटीला.

भिंगरी कॅमेरा नीट ठेवून जाते. बराच वेळ काही नाही. नुसतं ऊन सरकतं. मग एक बाई तणतणत येतात. बाद झालेल्या संस्कृतच्या पुस्तकांचा गठ्ठा कपाटात कोंबायचाय. मध्ये येतं म्हणून टेबल कमरेने ढकलतात. कॅमेरा कडेला येतो. बघत नाहीत. जाताना दार असं आपटतात की कपाटाची फळीसुद्धा हलते. बाई बाहेर. कॅमेरा खाली.

साडी माझी. चाल माझी. तिथे गेले होते, हे मला आठवलंही नव्हतं.

हेडसर हळूच म्हणाले, "तुमची नोकरीची सात वर्षं राहिलीत, बाई. म्हणून कापलं. पोरगी काय, कुठेही शिकेल. अजून कुणी बघितलेलं नाही."

मी दार उघडलं. शिपायाला म्हटलं, नववीच्या वर्गात पडदा लाव. आणि भिंगरीच्या आईला बोलावणं पाठव.