पुढची खोली, दर गुरुवारी

मी यामना बेन्त हद्दू, वय एकसष्ट, धंदा गालिचे विणण्याचा, राहणार मिदेल्त, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. तोंडातली टाळू जन्मतः दुभंगलेली होती. तिचा डोक्याशी संबंध नाही, हे माझा भाऊ मोहा याच्या माहितीसाठी नमूद करते.

१. नवरा वारला, मूल नाही. शरियतीप्रमाणे दोन तृतीयांश मोहाचे, तक्रार नाही. तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा. घराला खोल्या तीनच आहेत, त्यामुळे घोळ नको. रस्त्याकडे दार असलेली पुढची खोली माझ्या मर्जीची. तिथे मोहाला मोबाइलचे दुकान काढायचे आहे. ते निघणार नाही.

२. ही खोली मोहाची नात तुदा, वय सहा, हिच्या नावे. तिची टाळूही माझ्यासारखीच. दीड वर्षाची असताना शिवली. मोहा म्हणतो, "शिवलं ना? आता बोलेल आपोआप." माझी चाळिसाव्या वर्षी शिबिरातल्या डॉक्टरांनी शिवली. निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता बोलायला शिकवणारं कुणी बघा." कुठे, असे मी विचारले. त्यांनी दूरच्या राजधानीचे, राबातचे नाव घेतले आणि गाडीत बसल्या. भोक बुजले, आवाज नाकातूनच जात राहिला. त्याला एकवीस वर्षे झाली. पूर्वी राग यायचा. आता काहीच येत नाही.

३. मेकनेसहून गिझलानबाई महिन्यातून एकदा दवाखान्यात बोलणे शिकवायला येतात. त्यांना खोली नाही, म्हणून लसीच्या रांगेशेजारी बाकावर शिकवतात. रांगेतले हसतात, तुदा ओठ मिटून घेते. बाई मला म्हणाल्या, "मावशी, दार लागेल अशी एक खोली मिळाली, तर मी दर गुरुवारी येईन." म्हणून गुरुवारी खोली त्यांची. अशा टाळूच्या कोणत्याही मुलाला, म्हाताऱ्यालाही, तिथे येऊ द्यावे.

४. माझ्या लग्नातला हातआरसा गिझलानबाईंना. त्या मुलाच्या नाकाखाली आरसा धरतात. वाफ धरली तर शब्द नाकातून निसटला असे समजायचे. मी एकोणीस वर्षांची असताना लग्न नोंदवणारे अदूल घरी आले आणि बासू पसंत आहे का, असे त्यांनी विचारले. पसंत नव्हता. पण घरभर पाहुणे होते, माझा आवाज ऐकून हसले असते. मी गप्प बसले. आमच्याकडे मुलीचे गप्प बसणे म्हणजे होकार. मोहा म्हणाला, "लाजतेय ती. लिहा." बासू वाईट नव्हता. मला नको होता, एवढेच.

५. माग मोहाच्या वाट्यात. त्याला विणता येत नाही. बघत बसावे.

६. माझ्यामागे हे कागद मोहाने वाचून दाखवू नयेत. माझ्या वतीने तो पुष्कळ बोलला आहे. तुदा वाचेल. तिला जमेपर्यंत थांबावे. खोली आजपासूनच उघडी आहे, तेव्हा घाई नाही. ती अडखळली तर चहा प्यावा, पण कोणी मध्येच शब्द पुरवू नये.

सही: यामना बेन्त हद्दू
मिदेल्त, गुरुवार, १६ मे २०२४

साक्षीदार अदूलांचा शेरा: हे मर्जीने लिहिले का, असे आम्ही बाईंना विचारले. भाऊ म्हणाले, "तिचं मी सांगतो." आम्ही त्यांना थांबवले. बाई बराच वेळ गप्प होत्या; तो होकार आम्ही धरला नाही. मग त्या तोंडाने "हो" म्हणाल्या. आम्हा दोघांना समजले.

लहसेन औराघ
इद्रिस बेन्नासर