आधी शेजारी वास घे

पुणे, ४ फेब्रुवारी २००६

ती. बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही म्हणून लिहितेय. आमच्या ताऱ्याभोवती गॅस सापडला. कोवळ्या ताऱ्याभोवती गॅस आणि धुळीची थाळी फिरत असते, त्यातूनच पुढे ग्रह होतात. या ताऱ्याचा गॅस केव्हाच उडून गेला असेल, असं सगळे म्हणत होते. स्पेनमधल्या दुर्बिणीवर तीन तास मिळाले, ते सगळे ताऱ्यावरच लावले आणि खूण मिळाली. माझे गाइड शशिकांत सर म्हणतात, महिनाअखेर शोधनिबंध छापायला पाठवू, पहिलं नाव माझं. माझी पीएचडी यावरच उभी राहणार आहे.

गॅस एजन्सीच्या मेकॅनिकची मुलगी गॅसच शोधतेय म्हणून इथे चिडवतात. आईला सांगा, चार वर्षं नुसती आभाळाकडे बघत बसले नव्हते.

तुमची माया आहेच, ती राहू द्या.
नीलम

इंद्रलोक, भाईंदर (पूर्व), ९ फेब्रुवारी

चि. नीलमला अ. उ. आ.

तुझी आई पेढे वाटायला निघाली होती, मी थांबवलं. रागावू नकोस. पहिलं नाव तुझं, हे वाचूनच पाल चुकचुकली. सर एवढे उदार कशाने झाले? उद्या चुकलं तर बोट कोणाकडे?

दुसरी शंका मोठी. तीस वर्षं मी लोकांच्या स्वयंपाकघरांत वास घेत फिरलो. वास आला म्हणजे गळती त्याच घरात, असं नसतं. गॅस जड, जमिनीलगत सरकत दाराखालून शेजारी जातो. म्हणून आधी शेजारी वास घ्यायचा. तू ताऱ्याच्या शेजारी, मोकळ्या आभाळात घेतलास का? तीनही तास ताऱ्यावरच लावले, असं तूच लिहिलंयस.

तुझं बरं व्हावं म्हणून शंका काढणारा,
बाबा

पुणे, २२ फेब्रुवारी

ती. बाबांना शि. सा. न.

तुमचं पत्र वाचून फाडणार होते. दूधवाला, लिफ्टवाला, आता सर. तुमच्या संशयातून कोण सुटलंय? पण ते वाक्य डोक्यातून जाईना. सरांना सांगितलं. त्यांनी ओळखीतून दुर्बिणीवर अर्धा तास मागून घेतला.

शेजारी तोच गॅस आहे, तितकाच. तो ताऱ्याचा नाही, वाटेतल्या ढगाचा. निबंध थांबला. सरांनी सगळ्यांसमोर चूक स्वतःवर घेतली, तेव्हा त्यांच्याबद्दल तुम्ही चुकलात. मी मात्र खूप रडले. तुम्हाला एवढी शंका येते कुठून, बाबा?

राग गेलाय, लोभ तेवढाच आहे.
नीलम

इंद्रलोक, २७ फेब्रुवारी

चि. नीलमला अ. उ. आ.

विचारलंस म्हणून लिहितो. आईलाही हे माहीत नाही. तू दहावीत होतीस. इथल्याच खारी गावात मंदाबाई म्हणून एका बाईंनी वासाची तक्रार केली. मी त्यांची शेगडी, नळी, सिलिंडर बघितला, साबणाचं पाणी लावलं. बुडबुडा आला नाही. बाई म्हणत होत्या, वास न्हाय कसा, हाय. बाईंना भास होतो, असं वहीत लिहून निघालो. शेजारच्या खोलीला कुलूप होतं. किल्ली मागायचा मला कंटाळा आला.

संध्याकाळी त्या खोलीतला नाथा कामावरून आला आणि त्याने काडी ओढली. गळती तिथेच होती, भडका उडाला; जीव वाचला, हात कामातून गेले. अजून बाजारात दिसला की तो भाजलेले हात जोडून नमस्कार करतो. त्याने माझ्यावर कधी संशय घेतला नाही. मला त्याच्याकडे बघवत नाही.

सरांना माझा नमस्कार सांग, मी त्यांच्याबद्दल वाईट लिहिलं. काल तुझ्या आईने मजल्यावर पेढे वाटले, मी अडवलं नाही. कसले पेढे, विचारलं लोकांनी. मी सांगितलं, पोरीची चूक वेळेत सापडली.

आशीर्वाद तर आहेतच.
बाबा