गुरुवारचा खोका

३ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला अर्धंच ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं तू स्वतःच्या मनाने भरतेस, म्हणून हे पत्र. सोबत खोका आहे, तो सरळ धर.

सध्या आमच्या बेकरीत हायब्रिड पेस्ट्रीचं खूळ आलंय. दोन वेगळ्या पदार्थांचं लग्न लावायचं, आणि जो तिसरा जन्माला येईल त्यासाठी लोक रांग लावतात. आधी फोटो काढतात, मग खातात. काही जण तर नुसता फोटोच काढतात.

मी इथे सहा महिन्यांच्या बोलीवर आहे हे तुला माहीत आहे. माझ्याबरोबर एक लंबूही आहे. वरच्या फळीवरचे डबे स्टूल न घेता काढतो, म्हणून ते नाव. मालकीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की दोघांतलं एकच कायम होणार. जुलैअखेर दोघांनी आपापली नवी पेस्ट्री त्यांच्यापुढे ठेवायची. जमलं नाही तर परत ये, असं बाबांचं म्हणणं. त्यांच्या मित्राच्या विमा कचेरीत माझ्यासाठी खुर्ची पुसून ठेवलीय म्हणे.

इथे सगळे तोंडावर छानच म्हणतात. तू तसं म्हणणार नाहीस. आजचा प्रकार म्हणजे क्रोसाँचं पदर सुटणारं पीठ, डोनटसारखं तळलेलं, आत क्रीम. सकाळच्या बसच्या ड्रायव्हरकडे दिलाय, संध्याकाळी मिळेल. खा आणि खरं लिही.

राग आला तरी लोभ कमी करू नये.

तुझी चिमटी

७ जून

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

खोका सरळ मिळाला. लगेच फ्रिजमध्ये ठेवला.

खरं लिही म्हणालीस म्हणून लिहिते. पहिला घास तोडताना मला चपलेच्या पट्ट्याची आठवण झाली. दुसऱ्या घासाला दाताने सोडचिठ्ठी दिली असती, पण दात नवे बसवलेले आणि महागाचे आहेत. क्रीमला फ्रिजमधल्या कांद्याचा वास लागला होता, तो दोष माझा. शेजारची शिंपीण भली बाई, तिने पूर्ण खाल्लं, पण नंतर दोन पेले पाणी प्यायली.

तू मनाला लावून घेऊ नकोस. रुग्णालयात परिचारिका म्हणून आयुष्य काढलं, गोड बोलून कोणाची जखम भरलेली मी पाहिली नाही. तळण सोड आणि क्रीम सोड, एवढं मला कळतं. तुझ्या बापाला मी काही कळवलेलं नाही.

जेवणाच्या वेळा सांभाळ आणि पत्र लिहीत जा.

आत्या

१७ जून

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग तळण सोडलं.

या खोक्यातली पेस्ट्री मफिनच्या साच्यात भाजलीय. बाहेरून क्रोसाँ, आत लिंबाचं दाट क्रीम. दूध-सायीचं क्रीम नाही, म्हणजे तुझं निम्मं ऐकलं. इथे सगळ्यांना फार आवडली. मालकीणबाईंनी भुवया वर केल्या. त्या सहसा करत नाहीत. लंबू चीजकेक आणि डोनट एकत्र करतोय आणि दिवसभर शीळ घालतोय. ती शीळ माझ्या डोक्यात जाते.

या वेळी तरी चपलेची आठवण होऊ नये ही विनंती.

तुझी चिमटी

२१ जून

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

चपलेची आठवण झाली नाही. पावसात भिजलेल्या वहीची झाली. लिंबाची चव झकास, पण बूड पार गळून गेलं होतं. उचलायला गेले तर वरचा भाग हातात आला आणि खालचा बशीतच बसून राहिला. शेवटी चमच्याने खाल्लं. शिंपीण म्हणाली की याला अस्तर हवं होतं. तिचा धंदा बोलला, पण बरोबर बोलली.

ओलं काही आत भरायचंच असेल तर ते शोषून घेणारं काहीतरी मध्ये घाल. आणि त्या लंबूची शीळ ऐकायला कान देऊ नकोस. तुझ्या वयात माझे कान चांगले होते, त्याचाही मला फार उपयोग झाला नाही.

तब्येतीला जप, मला विसरू नकोस.

आत्या

८ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

शिंपीणबाईंना सांग, अस्तर घातलंय.

आता क्रोसाँच्या पिठाच्या वाटीत बदामाचा केक भरून दोन्ही एकदमच भाजते. बाहेर आल्या आल्या संत्र्याच्या सालीचा पाक पाजते. क्रीम नाही, तळण नाही, फ्रिजही नको, डब्यात ठेवली तरी चालेल. तुझं एकेक बोलणं ऐकून इथवर आले. आता हीच ठेवणार, वेळ उरलेला नाही.

तुझ्या निकालाकडे डोळे लावून बसलेली,

चिमटी

१२ जुलै

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पोरी, हे तू केलंस? केक पाकाने भिजून मऊसूत झालेला, बाहेरचे पदर अजून आब राखून उभे, आणि संत्र्याचा वास डबा उघडल्या उघडल्या खोलीभर. शिंपिणीने या वेळी पाणीसुद्धा मागितलं नाही. मी दुसरी उचलली तेव्हा तिने माझ्याकडे असं पाहिलं की अर्धी तिला द्यावी लागली.

या वेळी वाट पाहणं जिवावर आलं होतं. सोमवारपासून डबा टेबलावर, येता-जाता वास. पण शिंपिणीला सुट्टी गुरुवारी, त्याला मी काय करणार? काल ती आली आणि मग उघडला.

असंच कर आणि जागा मिळव.

आत्या

१५ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

गुरुवारी? आत्या, तू सगळे खोके गुरुवारी उघडलेस? मला वाटायचं तू सोमवारी खातेस आणि आळसाने शुक्रवारी लिहितेस!

बेकरीतली वस्तू भाजल्या दिवशी खायची असते. तीन दिवसांनी तळलेलं पीठ चपलेचा पट्टा होणारच, लिंबाचं बूड गळणारच. त्या दोन्ही पेस्ट्री चांगल्या होत्या. मी त्या तुझ्या शब्दाखातर टाकून दिल्या आणि शिळी खाल्ल्यावर चांगली लागेल अशी वस्तू करून बसले. काल इथे ताजी सगळ्यांना दिली. लंबू म्हणाला की बरी आहे. मालकीणबाईंच्या भुवया जागच्या जागी. खरंच कोरडी आणि जड लागते गं, पाक तोवर मुरलेलाच नसतो.

परीक्षा दोन आठवड्यांवर आहे. बाबांना काय सांगू ते तूच सुचव.

चिमटी

१९ जुलै

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा राग रास्त आहे. माझंही ऐक.

नोकरीभर मी उभ्याने आणि एकटीने खाल्लं. वॉर्डात घंटा वाजली की घास तसाच टाकून पळायचं. निवृत्त झाले तेव्हा ठरवलं की यापुढे गोड एकटीने खायचं नाही. सोबतीला माणूस येईल तेव्हाच डबा उघडायचा. तुला हे सांगायला हवं होतं, सुचलं नाही, कारण मला ते वेगळं वाटतच नाही.

पण मी जे खाल्लं ते चांगलंच होतं, तो शब्द मी मागे घेणार नाही. तुझ्या मालकीणबाईंना म्हणावं, तुम्हीही गुरुवारपर्यंत थांबा.

रागावलीस तरी पत्र बंद करू नकोस.

आत्या

१ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तू ते रागाने लिहिलंस की गमतीने, कळलं नाही. मी ते तसंच केलं.

रविवारी दुकान बंद झाल्यावर मालकीणबाईंनी लंबूची पेस्ट्री पूर्ण संपवली, बोटंसुद्धा पुसली नाहीत, चाटली. माझी पाळी आली तेव्हा मी डबा पुढे केला आणि म्हणाले की हा बुधवारी उघडा. लंबूची शीळ तिथल्या तिथे थांबली. बाई हसल्या, म्हणाल्या की गिऱ्हाइकाला थांबायला सांगणारी दुकानदार आजवर पाहिली नव्हती. पण डबा त्यांनी टेबलावर ठेवून घेतला.

काल चहाबरोबर एक खाल्ली. मग लगेच दुसरी. मग विचारलं की तीन दिवस थांबून खायला असली वस्तू घेणार कोण. मी म्हटलं, ज्याचं कोणी दुसऱ्या गावात आहे तो. आणि तुझी सगळी हकिकत सांगितली, चपलेसकट. त्यांनी डब्याचं झाकण नीट लावलं. मग म्हणाल्या की रांगेतली कितीतरी माणसं पार्सल पाठवता येईल का विचारतात, आणि आपण वर्षानुवर्षं नाही म्हणत आलोय.

जागा मला मिळाली. लंबू काल माझ्याशी बोलला नाही. आज सकाळी मात्र वरच्या फळीवरचे डबे न सांगता काढून दिले आणि त्याची पेस्ट्री मला शिकवली, कारण ती काउंटरवर राहणार आहे. तो पुढच्या महिन्यापासून एका हॉटेलात जातोय. मला आनंद झालाय, पण पूर्ण नाही.

बाबांना फोन केला, सगळं सांगितलं. ते बरं म्हणाले. खुर्चीचं काहीच बोलले नाहीत.

माया आहेच, ती अशीच तिखट ठेव.

तुझी चिमटी

१३ ऑगस्ट

चि. चिमटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

लंबूबद्दल वाईट वाटतंय ते वाटू दे, त्यात काही बिघडत नाही.

काल बसने दोन खोके आले. एक तुझा. दुसरा तुमच्याच बेकरीचा, छापलेल्या नावावरून तोच पदार्थ, पण वरचा पत्ता तुझ्या बापाच्या अक्षरात. म्हणजे तो एवढा प्रवास करून तुमच्या दुकानात आला, रांगेत उभा राहिला, पैसे दिले आणि तुला आतून बोलावलंही नाही. लहानपणापासून हा असाच. आनंद झाला की तोंड लपवतो.

आजवर त्याने मला साधं पोस्टकार्ड पाठवलेलं नाही. याही खोक्याबरोबर चिठ्ठी नाही. फक्त झाकणावर मोठ्या अक्षरात लिहून खाली दोन रेघा मारल्यात: गुरुवारी उघडणे.

तू त्याला यातलं काही विचारू नकोस. मी उघडून कळवते.

आत्या