मिठाच्या बादलीतला उजेड

११ ऑगस्ट
दसऱ्याच्या झेंडूत गोगलगायी फार. एका रात्रीत कोवळे शेंडे साफ. संध्याकाळी बांधाला ओली बारदानं अंथरायची, सकाळी उलटून खाली जमलेलं सगळं मिठाच्या पाण्यात. बादली भरते. हे म्हणाले औषध टाकू. मी नाही म्हटलं, माझी पद्धत चांगली आहे.
मायच्या उजव्या डोळ्यात थेंब, तीन वेळा. डावा गेलाच. काचबिंदू. म्हणून तिला माझ्याकडे आणलं.

१४ ऑगस्ट
मायला अकोल्याला नेलं. डॉ. म्हणाले, गेलेली नजर येत नाही, आहे ती जपा. किती दिवस, ते नाही बोलले.
येताना एस.टी.त माय खिडकीशी बसली. तेल्हारा आलं तशी म्हणाली, "संगे, मले एकडाव काजवे पाह्याचे हायेत व." देवदर्शन नाही, काही नाही. काजवे! आधी हसू आलं. मग नाही आलं.
तिचं माहेर धारणीकडचं. लहानपणी एक काजवा कांद्याच्या पोकळ पातीत घालायच्या म्हणे पोरी. "अख्खी पात पेटे, हिरवीगार."

१९ ऑगस्ट
आपल्या बांधावर शेवटचा काजवा कधी पाहिला? आठवत नाही. ह्यांना विचारलं. "आता कायचे काजवे!" झालं.
बारदानाखाली गोगलगायींसोबत काळे चपटे किडे निघतात, खवल्याखवल्यांचे. ओंगळ. तेही बादलीत.

२७ ऑगस्ट
सकाळची बादली ओतायची राहिली होती. दिवेलागणीला गेले, लाइट नव्हती. पाण्यात हिरवा उजेड. दोन ठिपके. एक विझला, मग दुसरा.
तेच काळे किडे.
बाप्पा रे. काय करून बसले मी?

२८ ऑगस्ट
पुतणी अकोल्याला कृषीचं शिकते, तिला फोटो पाठवला. लगेच फोन. "काकू, काजव्याची पिल्लं आहेत ती. गोगलगायी खाऊनच वाढतात. मारू नका, जूनमध्ये पंख फुटून उडतील."
म्हणजे माझा झेंडू जे राखत होते त्यांनाच मी. रोज सकाळी. पदर खोचून, मोठी हुशार.

३० ऑगस्ट
मायला सांगितलं. नसतं सांगितलं तर तिला कळलंही नसतं. पण रोज तीन वेळा तिच्या डोळ्यात थेंब टाकायचे, लपवून कसं जमणार.
ती उठून आत गेली. दुपारी जेवली नाही. संध्याकाळी म्हणाली, "तुले का मालूम होतं, लेकी. पन मीठ काहून टाकत होती व? तडफडून मरते जीव."

८ सप्टें.
मीठ बंद. आता बारदान उलटून एकेक निवडते. गोगलगायी डब्यात, त्या दूर नेऊन जमिनीत पुरायच्या. काळं पिल्लू दिसलं तर परत बांधाच्या ओल्या पाल्यात. आज एकच सापडलं. हातात घेतलं, किळस नाही आली.
हे तणतणले. "तुले दसऱ्याचे फुलं पाह्यजेत का किडे?" दोन वाफे गेले, खरं आहे त्यांचं. तरी राग आला. मग वाफ्यात बसून रडले.

३ फेब्रु.
मायचा उजवाही उतरला. भाकर दिसते, बाजूची वाटी हाताने चाचपते. "फुकनीच्या नयीतून पाह्यल्यावानी दिसते," म्हणाली. हसत म्हणाली, म्हणून जास्त लागलं.
देवा, जूनपर्यंत तरी.

२९ मे
रोज सांजेला बांधाजवळ बाज टाकतो दोघी. उशाशी कांद्याची पात, रोज नवी. काही नाही. माय म्हणते, "येतीन." समजूत मी तिची घालायची तर तीच माझी घालते.

१२ जून
आले!
दोनच. बोरीच्या खालून निघाले, एक खाली, एक वर. मी ओरडलेच. माय उठून बसली, "कुठी? कुठी?" मी तिचं तोंड धरून तिकडे वळवलं. तिला नाही सापडले.
एक ओंजळीत धरला. पातीत घालू का विचारलं. घातला तर दुसरा एकटा उरेल. हे मनात आलं आणि हात थांबला. मायच म्हणाली, "राहू दे. मुठीतच दाखव."
उजव्या डोळ्याजवळ मूठ नेली, बोटं थोडी उघडली. उजेड तिच्या सुरकुत्यांवर पडला. मला दिसला.
"दिसला का व माय?"
तिने माझी मूठ दोन्ही हातांत धरली. मग म्हणाली, "सोड त्याले. जोडी पाह्याची हाये त्याले."
सोडला. तो बांधाकडे गेला. मी सांगत होते, आता बोरीजवळ, आता वर, आता पाटाकडे. मायची मान बरोबर तिकडे फिरत होती. त्याच्यामागे का माझ्या आवाजामागे, काय माहीत.
परत विचारायची हिंमत झाली नाही.