दसऱ्याची लाल झाडं

प्रिय ताई,

तुला जाऊन चार वर्षं होत आली. इतक्या दिवसांत तुला एक ओळ लिहिली नाही, आणि आज लिहायला बसले ती तुझ्या रत्नामुळे. पाच वर्षांची झाली ती. अकोल्याला माझ्याकडेच असते, माझ्याच बालवाडीत येते. परवा मी मुलांना तुझं शरद ऋतूचं चित्रपुस्तक दाखवलं आणि मोठ्या तोऱ्यात सांगितलं, हे रत्नाच्या आईनं काढलंय. रत्नानं लाल झाडाच्या चित्राकडे पाहिलं, मग अंगणातल्या हिरव्यागार निंबाकडे पाहिलं, आणि मला विचारलं, "मावशी, माह्या मायले झाडं काढता येत नव्हते काय?"

मुलं हसली. मी पुस्तक मिटून टाकलं.

महाराष्ट्र झाला त्याच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. मी राजापेठेत खोली घेऊन अमरावतीला बालवाडीच्या ट्रेनिंगला होते. परीक्षेसाठी लहान मुलांचं एक चित्रपुस्तक हातानं तयार करायचं होतं. माझ्या वाट्याला शरद ऋतू आला, आणि मला तर साधा आंबा काढता येत नव्हता. दसऱ्याच्या सुटीत जाड कागद घेऊन मी बाळापूरला तुझ्या घरी आले. चौथी शिकलेली तू, पण भिंतीवर, सुपावर, जागा मिळेल तिथे चित्रं काढायचीस. तुझा खोकला तेव्हा सुरू झालाच होता. मी तो ऐकत होते आणि तरी कागद पुढे केले. केवढी स्वार्थी होते मी!

तू चार पानं काढलीस. कापूस फुटलेलं वावर. वेचणीच्या पहिल्या दिवशी कपाशीला दहीभात दाखवणाऱ्या बायका, आपलं सीतादही. भुलाबाईची गाणी झाल्यावर खाऊ ओळखायला बसलेल्या मुली. त्यातली एक लबाड पोरगी झाकण किलकिलं करून डब्यात बघत होती. ती मीच, हे मी लगेच ओळखलं. आणि शेवटी कोजागिरीचं दूध.

त्यावर मी म्हणाले, ताई, हे चालायचं नाही. आमच्या वर्गात एक विलायती चित्रपुस्तक होतं. त्यात शरदात झाडं लाल-पिवळी होत, पानं गळत, मुलं पानांच्या ढिगात उड्या मारत. आमच्या बाईंना तसंच हवं असणार, हे मी आपलं ठरवूनच टाकलं होतं. बाई तसं कधी म्हणाल्याही नव्हत्या.

तू ब्रश खाली ठेवलास. "काय वं सुमे, दसऱ्याले कोन्तं झाड लाल होते? पानं तं शिमग्याच्या अंगानं गळतात."

मी चिडले. तुला बाहेरचं काय माहीत, असंही बोलून गेले. तू वाद घातला नाहीस. उशीला टेकून, मधे मधे खोकत, कधी न पाहिलेली झाडं काढत बसलीस. जाड कागद संपले होते म्हणून पातळ कागदांवर काढलीस. लाल रंग संपला तेव्हा डिंकाच्या पाण्यात कुंकू कालवलंस. भाऊजी म्हणाले, तिला आता पडू द्या. मी म्हटलं, दोनच पानं राहिलीत.

पुस्तकाचा पहिला नंबर आला. ती बातमी घेऊन मी आले तोवर तू अंथरुणाला खिळली होतीस. सगळं ऐकून घेतलंस आणि एवढंच म्हणालीस, "पह्यले पानं रत्नीसाठी ठेवजो. तिले दाखवजो, मायनं काढले म्हनून."

मी म्हटलं, ठेवलीत.

ताई, नव्हती ठेवली. पातळ कागदाचं पुस्तक उभं राहीना, आणि तसा जाड कागद पुन्हा मिळाला नाही. मग मी तुझ्या चारही चित्रांवर खळ लावून ती लाल झाडं चिकटवून टाकली होती. पंधरा दिवसांनी तू गेलीस, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून.

काल दुपारी रत्ना शेजारी खेळायला गेली तेव्हा मी एका पानाचा कोपरा ओला केला. खळ सुटली, पण तुझा रंगही तिच्याबरोबर निघून आला. कपाशीच्या जागी एक मातकट डाग उरला. बाकीच्या तीन पानांना हात लावायची हिंमत झाली नाही. खूप रडले. पण रडून ती चित्रं थोडीच परत येणार आहेत?

तू रागावली का नाहीस गं माझ्यावर? एकदा तरी म्हणायचं होतंस, माझी चित्रं आहेत तशी राहू दे. मी ऐकलं असतं का? नसतंच ऐकलं बहुतेक.

आता वेचणी सुरू होईल. रत्नाला बाळापूरला नेईन, फुटलेल्या वावरात उभी करीन आणि म्हणेन, तुझ्या आईनं हे काढलं होतं. पण त्याआधी, उद्याच, जी मुलं हसली त्यांच्याच समोर तिला सांगणार आहे की तिच्या आईला झाडं छान काढता यायची. ही लाल झाडं मावशीच्या हट्टापायी काढली, आणि खरी चित्रं होती ती मावशीनं स्वतःच्या हातानं झाकली. ती माझ्याशी बोलेनाशी झाली तरी चालेल. तुला मी खोटं सांगितलं. तुझ्या लेकीला नाही सांगणार.

तुझी,
सुमी