खोकला गोळीचा निघाला

ती. आत्याबाईंना,
शैलाचा वाकून नमस्कार. घृष्णेश्वराची कृपा, तुमच्या लेकाला टीबी नाही. फोनवर हे शेजारीच असतात, म्हणून लिहून पाठवते.

इथल्या नव्या डॉक्टरीणबाईंनी आधी गोळ्यांची पिशवी पालथी करायला लावली. बीपीची गोळी उचलून म्हणाल्या, "ही सुरू झाल्यावरच खोकला लागला ना? काही जणांना हिच्यानं कोरडा खोकला येतो." लगेच बदलून दिली.

आधीच्या दवाखान्यात हे कुणी विचारलंच नाही. छातीचा फोटो काढायचे, "चांगला आलाय" म्हणायचे आन् पुन्हा काढायला लावायचे. बिलाच्या खिडकीवर मी म्हटलं, "दादा, चांगला आला तर परत कशाला? लग्न जमवायचंय का यांचं?" तो हसला, पण पैसे पुरते घेतले.

माझी भिशी लागली होती, त्यात भागलं. तुम्ही काही पाठवू नका. तुमचे गुडघे कसे आहेत? आमची दीपमाला शाळेत जाते ना?

एक सांगू का? रागवू नका. तुम्ही यांचं ताट-तांब्या वेगळं केलं ते लेकरांच्या काळजीनं, मला कळतं. पण हे इथंही मला जवळ बसून जेवू देत नाहीत.

सोमवारी येतोय. खोकला पुरता जायला अजून काही आठवडे लागतील म्हणे. जेवताना यांना ठसका लागला तर पंगतीतून उठू नका. पाणी द्या आन् अजून एक भाकरी वाढा.

तुमची सून,
शैला